तीसपैकी अकरा

नमस्कार मॅडम,

आम्ही मूळचे सांगलीचे, नऊ वर्षं झाली इंग्लंडमधल्या रेडिंगला आहोत. थोरली सोळा वर्षांची आहे, सप्टेंबरपासून सिक्स्थ फॉर्म कॉलेजला जाते. गणित, बायोलॉजी आणि सोशिऑलॉजी (समाजशास्त्र) असे विषय घेतलेत. सोशिऑलॉजीऐवजी केमिस्ट्री घे म्हणून हे मागे लागले होते, पण तिने ऐकलं नाही. आता पहिला मोठा निबंध झाला, त्यात तीसपैकी अकरा. जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीला, सगळीकडे नऊपैकी सात-आठ-नऊ मिळवणारी मुलगी, दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. घरात वेगळंच चाललंय. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर ती सासूबाईंना म्हणाली, ‘आजी, तुमच्याकडे अजून पुरुषांची पंगत आधी बसते. ही पेट्रिआर्की तूच चालू ठेवली आहेस.’ पितृसत्तेसाठीचा तो शब्द इंग्रजी होता, पण आजीला कळायचं ते कळलं. पंधरा दिवस त्या तिच्याशी बोलल्या नाहीत. हे म्हणतात, मार्क नाहीत ते नाहीतच, वर घरात भांडणं, बदल तो विषय. पुण्याचे दीर विचारतात, आर्ट्सला का घातली, मार्क कमी पडले का? मला त्या विषयातलं काही कळत नाही. निबंधाचे आणि शिक्षकांच्या शेऱ्यांचे फोटो पाठवतेय. विषय बदलावा का? नाही बदलला तर मी तिला मदत कशी करू?

– एक आई, रेडिंग

ताई,

फोटो मोठे करून निबंध दोनदा वाचला. मी इंग्लंडमध्ये सिक्स्थ फॉर्मला सोशिऑलॉजीच शिकवते. दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात असे निबंध गठ्ठ्याने तपासते, म्हणून ठामपणे सांगते: विषय बदलू नका. मुलीला विषय जमत नाहीये असं अजिबात नाही. निबंधात तिचं जे चुकलं तेच दिवाळीत आजीशी बोलताना चुकलं, एवढंच. दोन्हीकडे तिने निकाल आधी देऊन टाकला आणि चौकशी करायची राहूनच गेली. ही सवय सोळाव्या वर्षी सुटते, आणि ती सोडवण्यासाठी याच्याइतका चांगला विषय मला माहीत नाही.

पण आधी घरच्यांचे प्रश्न, कारण ते सुटल्याशिवाय तुम्हाला शांतपणे पुढचं वाचता येणार नाही.

पुण्याच्या दिरांना सांगा की तिला आर्ट्सला घातलेली नाही. इथे सोळाव्या वर्षी सायन्स, कॉमर्स, आर्ट्स अशा तीन वाटा फुटत नाहीत. जीसीएसई झाली की मुलं साधारण तीन विषय निवडतात आणि दोन वर्षं तेवढेच खोलात शिकतात, त्याला ए-लेव्हल म्हणतात. गणित-बायोलॉजीच्या शेजारी सोशिऑलॉजी इथे कोणाला खटकत नाही. आपल्याकडच्या अकरावीच्या डोक्याने पाहिलं की ते विचित्र दिसतं. आणि मार्क कमी पडले म्हणून घ्यायचा हा विषय नाही. दर वर्षी चाळीस हजारांवर मुलं ए-लेव्हलला तो घेतात, देशातल्या पहिल्या दहा लोकप्रिय विषयांत तो असतो. विद्यापीठप्रवेश बघणाऱ्या यूकॅस या संस्थेच्या हिशेबात गणितातल्या ‘ए’ला ४८ गुण आहेत, सोशिऑलॉजीतल्या ‘ए’लाही ४८च.

तुमच्या यजमानांची काळजी वेगळी आहे आणि ती खोटी नाही. मेडिसिन, डेंटिस्ट्री किंवा फार्मसी तिच्या मनात असेल, तर केमिस्ट्री नसणं फार अडचणीचं ठरतं. बहुतेक मेडिकल स्कूल्स केमिस्ट्री मागतात. न मागणारी थोडी आहेत, पण तेवढ्या भरवशावर राहू नये. तेव्हा तिला आजच सरळ विचारा: तुला डॉक्टर व्हायचंय का? ‘हो’ म्हणाली तर माझा सल्ला बदलतो. कॉलेजच्या करिअर सल्लागाराला याच आठवड्यात भेटा. मधेच विषय बदलायची मुदत बहुतेक कॉलेजांत पहिल्या काही आठवड्यांतच संपते, त्यामुळे कदाचित ईयर ट्वेल्व्ह, म्हणजे हे पहिलं वर्ष, पुन्हा करण्याची गोष्ट निघेल. ‘नाही’ म्हणाली तर केमिस्ट्रीचं नाव घरात पुन्हा काढू नका. दर जेवणाला तो विषय निघत राहिला तर मुलगी अभ्यास कमी आणि बचाव जास्त करते.

बाकी दारं उघडी आहेत. कायद्याच्या पदवीला इथे ठरावीक विषय लागत नाहीत. अर्थशास्त्राला गणित लागतं, ते तिच्याकडे आहे. मानसशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, नर्सिंग, शिक्षण, पत्रकारिता, सोशल वर्क, सरकारी नोकरी, सगळीकडे हा विषय चालतो आणि काही ठिकाणी उपयोगीही पडतो. एक जुनी यादी अजून पालकांच्या ग्रुपवर फिरते, रसेल ग्रुपच्या, म्हणजे इथल्या नावाजलेल्या विद्यापीठांच्या गटाच्या, ‘आवडत्या’ विषयांची. तिच्यात सोशिऑलॉजी नव्हतं हे खरं. पण खुद्द रसेल ग्रुपने ती यादी २०१९ मध्ये मागे घेतली. कोणी पुढे धरली तर एवढं सांगा.

आणखी एक. यजमानांना हा विषय गोऱ्यांच्या गप्पा वाटत असेल तर त्यांना सांगा, यात आपली माणसं शंभर वर्षांपूर्वीपासून आहेत. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि १९२४ पासून तो मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी चालवला, केंब्रिजहून पीएचडी करून आल्यावर. त्याच्याही आधी, १९१६ च्या मे महिन्यात, पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला होता. जातीतल्या जातीत लग्न लावण्याची चाल हाच जातीचा कणा आहे, असं त्यांनी त्यात मांडलं. लग्न आपल्या घरातली किती रोजची गोष्ट! तिच्याकडे त्यांनी थांबून पाहिलं. तुमची लेक तेच करायला शिकतेय, अजून नीट जमत नाहीये इतकंच.

आता निबंध.

वेगवेगळ्या वांशिक गटांच्या शालेय यशात फरक पडतो तो मुख्यतः शाळेच्या आतल्या कारणांमुळे, या मताचं मूल्यमापन करा, असा प्रश्न होता. दुसऱ्याच परिच्छेदात तिने लिहिलंय (मी मराठीत सांगते): ‘भारतीय मुलं पुढे असतात, कारण भारतीय आई-वडील शिक्षणाला महत्त्व देतात.’ आणि समासात शिक्षकांनी हिरव्या पेनाने एकच शब्द लिहिलाय: ‘कशावरून?’

या दोन वर्षांतून तिने एकच गोष्ट घेऊन बाहेर पडायचं ठरवलं, तर मी तिला हा शब्द घ्यायला सांगेन.

वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. इंग्लंडमध्ये जीसीएसईच्या सरासरीत चिनी आणि भारतीय वंशाची मुलं सगळ्यात पुढच्या गटांत असतात. जिप्सी-रोमा आणि आयरिश ट्रॅव्हलर या भटक्या समाजांच्या घरांतली मुलं सगळ्यात मागे. गडबड आहे ती ‘कारण’ या शब्दापासून पुढे. तुमच्या ओळखीची रेडिंगमधली मराठी घरं डोळ्यांपुढे आणा. गणपतीला हॉलमध्ये जमतात तीच. त्यांत किती घरांत आई आणि वडील दोघंही पदवीधर नाहीत? बोटावर मोजण्याइतकीसुद्धा सापडणार नाहीत, कारण नोकरीचा व्हिसा बहुतेकांना शिकलेल्यांच्याच नोकऱ्यांवर मिळालेला असतो. म्हणजे या देशात येणाऱ्या भारतीयांतले बरेच जण आधीच चाळणीतून आलेले असतात. मग मुलांचे मार्क भारतीय असण्याचे, की शिकलेल्या आई-वडिलांची मुलं असण्याचे? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू यांनी ‘सांस्कृतिक भांडवल’ म्हटलं ते हेच: घरातली पुस्तकं, शिक्षकांशी न बिचकता बोलता येणं, फॉर्म कसा भरायचा हे माहीत असणं. त्याला पैशासारखीच किंमत असते, फक्त ते बँकेत दिसत नाही.

दुसरा पुरावा आणखी बोलका आहे. १९८५ साली अल्पसंख्याक वंशांच्या मुलांच्या शिक्षणाबद्दल स्वान समितीचा अहवाल आला, तेव्हा बांगलादेशी वंशाची मुलं शाळेत फार मागे होती आणि समितीने ते मुद्दाम नोंदवलं होतं. आज त्याच समाजाची मुलं जीसीएसईत देशाच्या सरासरीच्या वर आहेत. ‘आमच्या संस्कृतीत शिक्षणाला महत्त्व आहे’ हे उत्तर पुरेसं असतं तर हे कसं घडलं? चार दशकांपूर्वी त्या आयांना मुलांच्या शिक्षणाची आस नव्हती असं म्हणायचं का? लंडनच्या शाळा बदलल्या, पुढची पिढी इथेच जन्मली आणि इंग्रजीत वाढली, राहण्याच्या जागा बदलल्या. यातलं किती काय, हे तपासायला लागतं. तुमच्या लेकीने तपासलं नाही, ठरवून टाकलं.

शाळेच्या आतलं कारण तर तिने दोन ओळींत उरकलंय, आणि प्रश्न नेमका त्याचाच होता. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९५२ साली शिकागोतल्या साठ शिक्षकांच्या मुलाखतींवरून दाखवलं होतं की शिक्षकांच्या मनात ‘आदर्श विद्यार्थ्या’चं एक चित्र असतं आणि मुलांना ते त्या चित्राशी ताडून बघतात. हे नाव तिच्या निबंधात आहे, पण नुसतं नाव आहे, खुंटीला टांगलेल्या कोटासारखं. त्याला पुढे न्यायला हवं होतं. लुईस आर्चर आणि बेकी फ्रान्सिस या संशोधकांनी २००७ मध्ये ब्रिटनमधल्या चिनी मुलांबद्दल लिहिलं की शिक्षक त्यांचं कौतुक करतात, पण ते कौतुकच एक शिक्का असतो: शांत, कष्टाळू, घरच्यांच्या दडपणाखाली, स्वतःचं मत नसलेली. तिचे सातवी-आठवीचे स्कूल रिपोर्ट काढून बघा. ‘क्वाएट’ आणि ‘हार्डवर्किंग’ हे दोन शब्द किती वेळा आलेत ते तिला मोजू द्या. मार्क चांगले असूनही शिक्का बसू शकतो, हे तिला त्यातून जितकं कळेल तितकं माझ्या व्याख्यानातून कळणार नाही.

तिचंच वाक्य मी पुन्हा लिहून दाखवते:

‘भारतीय वंशाच्या मुलांचे निकाल सरासरीच्या वर असतात. याचं श्रेय अनेक जण घरातल्या संस्कारांना देतात. पण इथे आलेल्या बऱ्याच भारतीय कुटुंबांत पालक आधीच उच्चशिक्षित असतात, त्यामुळे ज्याला आपण संस्कृती म्हणतो त्यात सामाजिक वर्गाचा वाटा किती हे वेगळं काढायला हवं. बूर्द्यूची सांस्कृतिक भांडवलाची कल्पना इथे लागू पडते. मात्र वर्गानेही सगळं उलगडत नाही: ज्यांना शाळेत मोफत जेवण मिळतं अशी गरीब घरांतली भारतीय मुलंसुद्धा तशाच गोऱ्या मुलांच्या पुढे असतात. म्हणून केवळ शाळेकडे किंवा केवळ घराकडे बोट दाखवून भागत नाही.’

बघा, तिचं मत मी खोडलेलं नाही. त्याला पुरावा मागितला, त्याच्या विरुद्ध बाजू आणली, मग त्या बाजूलाही एक अडचण दाखवली. तीस मार्कांपैकी माहितीला बारा आहेत. उरलेले अठरा, नऊ-नऊ करून, ती माहिती प्रश्नाला लावण्याचे आणि तिची चिरफाड करण्याचे. तुमच्या मुलीने तीन पानं माहिती लिहिली आणि त्या अठरांना जवळजवळ हातच लावला नाही. अकरा मार्क पाचपैकी खालून दुसऱ्या गटात बसतात, हे ऐकून धक्का बसतो. पण वरचा गट तेराला सुरू होतो. दोन मार्कांचं अंतर आहे, आणि ते एका चांगल्या परिच्छेदाने पार होतं.

शिवाय हे अकरा मार्क कुठेही जमा होत नाहीत. या विषयात आता कोर्सवर्क नाही. दोन वर्षांच्या शेवटी प्रत्येकी दोन तासांचे, ऐंशी मार्कांचे तीन पेपर, बस्स. ऐंशी मार्कांना एकशेवीस मिनिटं, म्हणजे तीस मार्कांच्या निबंधाला पंचेचाळीस. घड्याळ लावून लिहायची सवय तिला ईस्टरच्या सुट्टीपासून लावली तरी चालेल, आत्ता नको. आत्ता तिने फक्त विचार करायला शिकायचं आहे.

एक कळकळीची विनंती: लगेच ट्यूशन लावू नका, आणि तयार उत्तरं पाठ करू देऊ नका. आपल्या घरांत मार्क कमी आले की हात आधी तिकडेच जातो. पाठ केलेला निबंध मला दुसऱ्या ओळीत ओळखू येतो, कारण तो मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नसतो. त्याऐवजी तिने याच निबंधातला एकच परिच्छेद पुन्हा लिहावा आणि शिक्षकांना नेऊन दाखवावा. अख्खा निबंध नको. एका परिच्छेदाला कोणताही शिक्षक पाच मिनिटं देतो.

आणि तुम्ही काय करायचं? तुम्ही म्हणता मला यातलं काही कळत नाही. उलट तेच कामाला येईल. आठवड्यातून दोनदा, तुम्ही भाजी चिरत असताना, तिला म्हणा, आज वर्गात कोणाचं संशोधन शिकलीस ते मला मराठीत सांग. मराठीतच. इंग्रजीत ती शिकलेले शब्द तसेच फेकेल आणि तुम्हाला वाटेल तिला येतंय, तिलाही वाटेल. मराठीत सांगताना ‘सेल्फ-फुलफिलिंग प्रॉफेसी’ म्हणून सुटता येत नाही. ‘बाई एखाद्याला सारखं ढ म्हणत राहिल्या की तो शेवटी ढच होतो’ असं काहीतरी म्हणावं लागतं, आणि ते म्हणायला मुद्दा खरंच कळलेला असावा लागतो. तिचं सांगून झालं की दोनच प्रश्न विचारा: ‘कशावरून?’ आणि ‘ज्यांना हे पटत नाही ते काय म्हणतात?’ मुलीला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर रागवू नका, ‘मग उद्या विचारून ये’ म्हणा. माझ्या पाहण्यात ज्या मुलांना घरी असं कोणी ऐकणारं मिळालं, ती पुढे गेली. ऐकणाऱ्याने समाजशास्त्र शिकलेलं असायची गरज कधीच पडली नाही.

आता आजी. मला जास्त काळजी तिची आणि तुमच्या लेकीची वाटली, मार्कांची नाही.

पहिल्या टर्ममध्ये मुलांना नवे शब्द मिळतात. पितृसत्ता, वर्ग, सामाजिकीकरण. नवा शब्द मिळाला की तो कोणाला तरी लावून बघावासा वाटतो, आणि सगळ्यात जवळची माणसं घरची. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाने मार्क्सवाद शिकल्यावर आपल्या वडिलांना सुनावलं की तुम्हाला ‘फॉल्स कॉन्शसनेस’ आहे, म्हणजे आपलं शोषण होतंय हे तुम्हालाच कळत नाही. वडील गोदामात रात्रपाळी करायचे. पॅरेंट्स ईव्हनिंगला ते कामावर जायच्या आधी आले, जाकीट अंगावरच होतं, आणि मला विचारलं, ‘मॅडम, म्हणजे मी खोटा आहे का?’ तो चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो. तेव्हापासून मी क्रम बदलला. मुलांना आधी घरी जाऊन तीन प्रश्न विचारायला लावते, उत्तरं लिहून आणायला लावते, आणि शब्द त्यानंतर देते.

तुमच्या लेकीला शब्द आधी मिळाला. तिने आजीला प्रश्न विचारला नाही, आरोप केला. आणि ज्या बाईने आयुष्यभर त्या घराला वाढलं, तिच्यावरच केला. आजी दुखावली यात नवल नाही. पण मुलीने जे पाहिलं ते खोटं होतं का? नाही. पुरुष आधी, बायका मागून, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि ते विचारण्यासारखंच आहे. तेव्हा ‘मोठ्यांना असं बोलायचं नसतं’ एवढं म्हणून तिला गप्प करू नका. प्रश्न राहू दे. विचारायची पद्धत बदलू दे.

पद्धत तिच्याच अभ्यासक्रमात आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ अ‍ॅन ओकली यांनी घरकामावर संशोधन केलं तेव्हा लंडनमधल्या चाळीस गृहिणींच्या मुलाखती घेतल्या. १९७४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. घरकाम हे काम आहे, त्यात कारखान्यातल्या पट्ट्यावरच्या कामासारखा, किंबहुना त्याहून जास्त एकसुरीपणा आहे, हे त्या बायकांच्या तोंडून बाहेर आलं, कारण ओकली तासन् तास ऐकत बसल्या होत्या. मुलाखत देणाऱ्या बायकांनी उलट प्रश्न विचारले तर त्यांची उत्तरं टाळायची नाहीत, हेही त्यांनी पुढे आग्रहाने मांडलं. म्हणजे आजीने विचारलं की ‘तुझ्या घरी कोण वाढतं गं?’, तर मुलीने खरं उत्तर द्यायचं. तुमच्या घरी कोण वाढतं, ताई? ती नोंद तिच्या वहीत येणार, तयारी ठेवा.

आपल्याकडचं उदाहरण इरावतीबाई कर्व्यांचं. घुऱ्यांच्याच विद्यार्थिनी. त्या दिंडीबरोबर पंढरपूरपर्यंत चालल्या, अभंगांत रंगल्या, सोबतच्या बायकांवर त्यांचा जीव जडला. आणि त्याच वाटेवर त्यांनी हेही पाहिलं आणि लिहून ठेवलं की विठोबाचं नाव एकत्र घेणारी माणसं जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसतात. तो वेगळेपणा त्यांना टोचत राहिला. वारी त्यांनी सोडली नाही आणि पाहिलेलं लपवलंही नाही. तुमच्या लेकीला हे मराठीतून वाचून दाखवा. ती मराठी वाचत नसेल तर तुम्ही वाचा, ती ऐकेल.

आजीच्या मुलाखतीतून काय निघेल हे मी सांगू शकत नाही, आणि तिनेही आधी ठरवून जाऊ नये. कदाचित आजी म्हणेल, पुरुषांचं उरकलं की आम्ही निवांत बसायचो, मध्ये कोणी ‘पाणी आण’ म्हणायचं नाही, ती वेळ आमची असायची. कदाचित म्हणेल, सून म्हणून आले तेव्हा मीही उपाशी बसायचे, आता सासू झाल्यावर मान मिळाला तर तू तो काढून घ्यायला निघालीस. डेनिझ कांडियोटी या अभ्यासक बाईंनी १९८८ मध्ये याला ‘पितृसत्तेशी केलेला सौदा’ म्हटलंय: तरुणपणी सोसायचं, कारण म्हातारपणी सुनांवर अधिकार मिळणार असतो. सौदा पूर्ण होत आला असताना नातीने येऊन तो मोडीत काढला तर राग येणारच. हे कळल्यावर मुलगी ‘तूच चालू ठेवलीस’ असं म्हणणार नाही. आजीने हे का आणि कशाच्या बदल्यात धरून ठेवलं, हे ती विचारेल. पेपरला त्यालाच मूल्यमापन म्हणतात.

एक मात्र तिला सांगा: आजीचं बोलणं निबंधात घालून मार्क मिळत नाहीत. एका सांगलीच्या आजीवरून सगळ्या आज्यांबद्दल काही सिद्ध होत नाही. पण संशोधनपद्धती पहिल्या आणि तिसऱ्या पेपरला आडवी येते, आणि मुक्त मुलाखतीचे फायदे-तोटे लिहिताना तिला आता पुस्तकातली ओळ आठवावी लागणार नाही. माणूस मुलाखतीत बरं दिसेल तेच सांगतो का, नात विचारतेय म्हणून आजीचं उत्तर बदलतं का, रेकॉर्डिंग लावलं की आवाज बदलतो का, हे ती स्वतः अनुभवेल. बऱ्याच कॉलेजांत दुसऱ्या पेपरला ‘कुटुंब’ हा भाग निवडतात, तिथे घरकामाची वाटणी येतेच. हे सगळं तिथे कामी येईल.

यजमानांना माझ्याकडून एवढं सांगा की मार्कांचा राग आणि आजीचा राग एकत्र काढू नका. दोन्ही एकदम अंगावर आले की मुलीला वाटतं, हा विषय आवडणं हाच आपला गुन्हा.

या रविवारी सकाळी दहाला फोन लावा. तिकडे साडेतीन वाजलेले असतात, जेवणं उरकून ओटा पुसून झालेला असतो, सासूबाई पडल्या नसतील तर बाहेर येऊन बसलेल्या असतात. आधी तुमच्या लेकीने माफी मागावी, आणि ती बोलण्याच्या पद्धतीची मागावी. मग सांगावं की मला हे अभ्यासासाठी समजून घ्यायचंय, तू सांगशील का, नको वाटलं तर नको, मध्येच थांबवलंस तरी चालेल. रेकॉर्ड करायचं असेल तर विचारून करावं. इथे संशोधनात याला संमती म्हणतात आणि ती घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न पहिल्या दिवशी नको, ‘का’ म्हटलं की माणूस स्वतःचा बचाव करू लागतो. लग्न होऊन आलीस त्या दिवशी स्वयंपाकघरात कोण कोण होतं? एका वेळेला किती माणसं जेवायची? भाकरी कमी पडली तर कोणाच्या ताटात कमी पडायची? तुझ्या सासूबाई कधी जेवायच्या? तुझ्या सासूने केलं त्यातलं तू काय बदललंस?

शेवटचा प्रश्न विचारल्यावर लेकीला गप्प बसायला सांगा. आजीला आठवायला वेळ लागेल.